एकोणीस पौंडांची जवारी

एकोणीस पौंड नव्याण्णव पेन्स.
रुपयांत करायला घेतले, मग सोडून दिले;
हलमध्ये तीन वर्षं झाली, ही खोड आता जायला हवी.
डबी लॉजमधल्या साबणाच्या वडीएवढी.
झाकण मिटताना टक् करते,
तेवढं मात्र महागातलं वाटतं.

आमच्या घरी वस्तू आधी कानाने बघतात.
मिरजेत अब्बा भोपळा घेतानासुद्धा
बोटाच्या पेराने वाजवत
आणि विकणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत
नको म्हणत.
म्हणून मीही पहिल्यांदा गाणं लावलं नाही.
तंबोरा लावला. नुसता तंबोरा, काळी एक,
जुनैदने दुकानात फोन उलटा ठेवून केलेलं रेकॉर्डिंग.
मागे कुणीतरी सायकलची घंटी मारतं.

पंचम आला. जोडी आली. खरज आला,
पण नको तितका अंगाने भरलेला,
पातळ आमटीवर जाड तवंग सोडावा तसा.
स्वस्त यंत्रांना वाटतं
धुमधुमलं म्हणजे दम आला.
आणि जवारी?
घोडीवर कानस फिरवत अब्बा अर्धा दिवस घालवत,
तारेखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे,
एकटी तार चौघींसारखी बोलू लागेपर्यंत.
ती जवारी आहे.
पण शेजारच्या घरातून आल्यासारखी.

बाकीचं सांगतो.
डबीवर पाच तास लिहिलंय, मला मिळाले तीन तास चाळीस मिनिटं.
डावा आधी जातो. जाण्यापूर्वी एक बाई
फार आनंदाने सांगते की चार्ज संपत आलाय.
जांभई दिली की उजवा सुटतो;
परवा हेसल रोडच्या स्टॉपवर गटाराच्या जाळीवर पडला,
आत गेला नाही, एवढंच.
बातम्यांना ठीक. जुन्या मुलाखतींना ठीक.
बसचे ब्रेक, सीगल, मागच्या सीटवरचं भांडण
सगळं आत येतं, चपला न काढता.

लीअॅनकडे दोनशे पौंडांचे आहेत.
कारवानच्या कारखान्यात ती खिडक्या बसवते, मी रबर भरतो.
जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, घालून बघ,
आणि बाहीला पुसून दिले.
घातले, आणि कॅन्टीन गेलं.
मायक्रोवेव्ह फिरत होता, पण मुका.
लीअॅनचे ओठ हलत होते, बहुधा किंमतच सांगत होती.
खरज जागेवर बसला होता, जवारी समोर.
आणि घंटीच्या जरा आधी,
पंचम ओसरताना,
अब्बांचा खोकला.
एकदा. मग दाबलेला, दुसऱ्यांदा.

माझ्या एकोणीस पौंडांत तो नव्हता.
रात्री परत लावलं. आता आहे.
तिथेच, घंटीच्या आधी, पुसट.
पण तो ऐकू येतो म्हणून येतो
की ठाऊक झालाय म्हणून येतो,
मला सांगता येत नाही;
आणि पारख करणाऱ्याला निदान एवढं
सांगता यायला हवं.

माइकची चाचणी राहिली होती.
हंबरच्या काठावर उभं राहून फोन लावला.
म्हटलं, अब्बा, तो खोकला कधीपासून?
ते म्हणाले, काय? वारा बोलतोय, तू बोल.
मी टोपी कानांवर ओढली, पुन्हा विचारलं.
कसला खोकला, म्हणाले. आणि हे घेतलंस ते कितीला?
सांगितलं.
थोडा वेळ पलीकडे कानसच ऐकू येत होती.
मग म्हणाले, ठेव. की बदल. तुझे कान, तुझे पैसे.

पावती अजून पाकिटात आहे.
परत करायला तीस दिवस देतात.
आज सव्विसावा.